वाऱ्यानं पाडलं ते सोसलं. आता जेसीबीनं पाडायचं, तेही 'बदल' म्हणून सोसायचं?

आगरातली (श्रीवर्धन तालुका)

प्रश्न जरा लांबणार आहे. बाहेर धो धो पाऊस आहे आणि लाइट आहे तोवर लिहून काढते.

मागच्या आठवड्यात देवळात कीर्तन झालं. बुवांचा आवाज चांगला, पाठांतर चांगलं. विषय होता निसर्ग हाच गुरू. पान गळतं तेव्हा झाड रडत बसत नाही, नदी मागे वळून बघत नाही, ओहोटी लागली म्हणून समुद्र रुसत नाही. माणसानंच तेवढा धरून ठेवायचा हट्ट का करावा? सगळ्यांनी माना डोलावल्या. सवयीनं मीही डोलावली असेन. पण परत येताना पाखाडी उतरेपर्यंत डोक्यात एकच: आमची नारळी-सुपारीची वाडी ज्या वादळानं आडवी केली त्याचं नावच मुळी 'निसर्ग' होतं. बांगलादेशानं सुचवलेलं नाव. गुरुजी स्वतःच आले होते म्हणायचे शिकवायला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ३ जून २०२०, दुपारची वेळ. टाळेबंदीमुळे मुलगा मार्चपासून घरीच होता. ह्यांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. सासरे (आम्ही अण्णा म्हणतो) तेव्हा ८० चे. आम्ही तिघं माजघरात बसलो होतो. आधी वारा डोंगराकडून आला. पोफळ (सुपारीचं झाड) मोडते तेव्हा काडकन आवाज येत नाही, ऊस पिरगळल्यासारखा ओला आवाज येतो. पहिले पाच-सहा आवाज मी मोजले, मग सोडून दिलं. मध्येच सगळं गप्प झालं. अण्णा गाईला बघायला उठले, तर मी त्यांचं मनगट धरून ठेवलं. आणि मग समुद्राकडून सुरू झालं. म्हणून आमच्याकडे झाडं दोन्ही बाजूंना पडलेली होती, एकमेकांवर, सारीपाटासारखी.

संध्याकाळी दार उघडलं तेव्हा झाडं पडलेली मला आधी दिसलीच नाहीत. दिसला तो उजेड. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या माजघरात भरदुपारी दिवा लावावा लागायचा. त्या दिवशी संध्याकाळी सहाला तिथे बसून पेपर वाचता आला असता.

सव्वा एकराचं आगर. ४०० च्या वर पोफळी, ३८ माड, ११ जायफळी, पोफळींवर चढवलेल्या मिरीच्या वेलांची तर मोजदादच नव्हती. उरल्या ५७ पोफळी आणि ९ माड. मोजणी अण्णांनीच केली, दुसऱ्या दिवशी सकाळी, कोयता घेऊन. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा त्यांनी कागदच पुढे केला. माड पडले २८, असं लिहिलं होतं. ३८ वजा ९ किती होतात ते मला येतं, पण म्हटलं ऐंशीच्या माणसाकडून एकाची चूक व्हायचीच, आणि त्या दिवसांत बेरीज-वजाबाकी करायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. तसंच गेलं ते.

चौथ्या दिवशी बघते तर अण्णा पडलेल्या खोडांखाली वाकून काहीतरी उकरतायत. पडून आपोआप रुजलेली सुपारीची रोपं. दोन-दोन पानांची. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून त्यात लावत होते. मला इतका राग आला म्हणून सांगू! पन्नास वर्षं जे वाढवलं ते आडवं पडलंय, त्याचे ओंडके अजून उचललेले नाहीत, आणि ह्यांचं पुढचं सुरू. म्हटलं, अण्णा, असं कसं जमतं तुम्हाला? तर म्हणाले, "मोजून झाली. आता बसून काय करू?"

पुढची गोष्ट बाहेरच्या लोकांना माहीत नसते. वादळात उभ्या राहिलेल्या पोफळी नंतरच्या उन्हाळ्यात मेल्या. पोफळीला शेजारणीच्या सावलीत उभं राहायची सवय. शेजारीण गेली की दुपारनंतरचं ऊन थेट खोडाला लागतं, साल करपते, चिरते, आणि झाड हळूहळू जातं. अण्णांनी खोडांना झावळ्या गुंडाळून बांधल्या, तरी दोन उन्हाळ्यांत २० गेल्या. मला विचाराल तर वादळापेक्षा ते बघणं वाईट होतं. २०२१ च्या पावसात, आधी सावलीला केळी लावून, मग ती पिशव्यांतली रोपं जमिनीत गेली. उत्तरेच्या पट्ट्यात साठेक. या वर्षी त्यातल्या एकीला पहिली पोय (फुलोरा) आली.

आता प्रश्न. मुलगा मुंबईला परत गेलाच नाही. त्याला त्याच उत्तरेच्या पट्ट्यात पर्यटकांसाठी चार खोल्या आणि एक लहान स्विमिंग पूल बांधायचाय. हिशेब करून दाखवला, हिशेबात चूक नाही. पाऊस संपला की जेसीबी. मी नको म्हटलं तर म्हणतो, "आई, कीर्तनाहून आल्यावर तूच सांगत होतीस ना, बदल स्वीकारायला हवा म्हणून?" आणि अण्णा (आता ८६) शांतपणे म्हणाले, "करू दे त्याला."

ते 'करू दे' मला लागलंय. वारा आणि जेसीबी, दोन्ही बदलच का? निसर्गाचा तो धडा कुठपर्यंत लावायचा? आणि अण्णांनी खरंच सगळं स्वीकारलंय, की थकलेत, हे ओळखायचं कसं? इथे अध्यात्मातलं कळणारे बरेच जण आहेत म्हणून विचारते.

---

प्राजक्त७१

ताई, खूप सुंदर लिहिलंत, डोळे पाणावले. परिवर्तन हाच सृष्टीचा नियम आहे. जे होतं ते चांगल्यासाठीच होतं यावर श्रद्धा ठेवा. मनःशांती आपोआप लाभेल.

---

आगरातली

आभारी आहे. कोणाच्या चांगल्यासाठी ते मात्र विचारत नाही.

---

निवृत्त मास्तर (पुणे)

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. अध्यात्मात माझी गती शून्य, त्यामुळे बुवांनी झाडाबद्दल जे सांगितलं तेवढ्यावरच बोलतो.

पहिलं म्हणजे 'झाड' असं एकच काही नसतं. आंब्याची फांदी तुटली तर बाजूनं नवी फुटते, खोडाची जखम सालीनं भरून येते, कारण सालीखाली नवं लाकूड तयार करणारा थर असतो. माड आणि पोफळ यांच्यात तो थरच नाही. वाढणारा कोंब एकच, शेंड्याला. तो मोडला की संपलं. आणि खोडाला झालेली जखम आयुष्यभर तशीच राहते, म्हणून तर तुमच्या पोफळी ऊन लागून गेल्या. तेव्हा 'झाड सगळं सोसून पुन्हा उभं राहतं' हे वाक्य वडाबद्दल खरं आहे, पोफळीबद्दल खोटं. निसर्गाकडून धडा घ्यायचाच तर आधी कुठल्या झाडाकडून ते ठरवावं लागतं, आणि बहुतेक जण आपल्याला सोयीचं झाड निवडतात.

दुसरं तुम्हाला आवडणार नाही. तुमची वाडी म्हणजे निसर्ग नव्हे. सुपारी मूळची आग्नेय आशियाच्या बाजूची. जायफळ इंडोनेशियातल्या बेटांवरचं. तुमच्या किनाऱ्यावर जो सुरू वाऱ्यात वाजतो तोही बाहेरून आणून लावलेला. तुमच्या सासऱ्यांच्या आजोबा-पणजोबांनी कधीतरी तिथली उंडी, केवडा, झुडपं तोडून, जमीन सपाट करून, पाट काढून आगर उठवलं असणार. तेव्हा त्या जागेपुरते तेच जेसीबी होते.

यावरून मुलाचं बरोबर ठरतं असं मी म्हणत नाही. एवढंच की एका बाजूला निसर्ग आणि दुसऱ्या बाजूला माणूस अशी ही वाटणी नाही.

आणि पोय आलीय म्हणता, तर जाऊन एक गोष्ट बघा. पोफळीची पोय पानांच्या मध्ये येत नाही, पानांच्या खाली येते. सगळ्यात जुनं पान विरीसकट (म्हणजे खोडाला वेढणाऱ्या रुंद देठासकट) गळून पडलं की त्या जागी ती उघडी होते. (याचं कीर्तन करू नका, ही फक्त रचना आहे.)

---

आगरातली

सर, विरी पडली की पोय उघडते हे गेली तीस वर्षं रोज बघतेय. पडलेली विरी उचलून तिच्यावर नातेवाइकांच्या पोरांना बसवून ओढलंय अंगणभर. पण असं का होतं ते कधी मनात आलं नव्हतं. कीर्तन करणार नाही, शब्द देते.

दुसरा मुद्दा आवडला नाही हे खरं. रात्री बराच वेळ त्यावरून डोळा लागला नाही. आमच्या विहिरीच्या दक्षिणेला अजून एक म्हातारी उंडी आहे. तिच्या बिया अण्णांची आई दिव्याच्या तेलासाठी गोळा करायची म्हणतात. आगर उठवताना ती एवढी एक का ठेवली असेल कोण जाणे.

---

परतलेला (गुहागर)

काकू, मी तुमच्या मुलाच्या बाजूचा. नोकरी सोडून गावी आलो त्याला पाच वर्षं झाली, माझंही आगर आहे, तेव्हा थोडं ऐकून घ्या.

पोफळीवर चढणारा माणूस आता मिळतो का? आमच्याकडचा गडी साठीला आलाय, त्याचा मुलगा रिक्षा चालवतो, त्याला वर चढायला सांगायची माझी हिंमत नाही. पूर्वी गडी एका पोफळीवर चढायचा आणि शेंडा हलवून झोका घेत दुसरीवर जायचा, तिथून तिसरीवर, दहा-पंधरा झाडं करूनच खाली उतरायचा. लहानपणी आम्ही खालून बघत बसायचो. आता झाडं विरळ झाल्यावर तो झोका पोचत नाही. प्रत्येक झाडाला चढा, प्रत्येकाला उतरा. मजुरी वाढते ती अशी. तुमच्या मुलानं हिशेबात हे धरलं असणारच.

अजून एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या विहिरीवर रहाट होता ना? तो कोणी काढला? अण्णांनीच काढून पंप बसवला असेल. तेव्हा त्यांच्या वडिलांना काय वाटलं असेल? तुमच्या पिढीनं केला तो बदल सुधारणा, आमच्या पिढीनं केला की स्वीकारायचा प्रश्न!

आणि वारा न् जेसीबी यांत फरक आहेच की. वाऱ्याला जाब विचारता येत नाही. मुलाला येतो. मग विचारा त्याला. इथे आम्हाला काय विचारताय?

---

आगरातली

रागावले नाही. (थोडी रागावले.)

रहाटाचं बरोबर ओळखलंत. १९७४ ला पंप आला, मी तेव्हा शाळेत होते, माझ्या माहेरी. सासूबाई सांगायच्या, पंप सुरू झाला त्या दिवशी आजेसासरे शिपण्याच्या वेळेला, म्हणजे पहाटे, नेहमीसारखे उठले आणि विहिरीच्या काठावर नुसते बसून राहिले. रहाटाचा आवाज नाही तर झोप कशी येणार, म्हणाले. रहाटाचं एक लाकूड अजून गोठ्याच्या आढ्याला आहे. कोणी टाकून देत नाही आणि कोणी वापरतही नाही.

झोका घेऊन जाण्याचं तुम्ही लिहिलंत आणि आमचा गडी आठवला. वादळानंतर पहिल्यांदा आला तेव्हा वाडीच्या तोंडाशी उभा राहिला, वर बघितलं, आणि म्हणाला, "वयनी, वाट मोडली." मला आधी कळलंच नाही. मी खाली बघत होते.

---

सई नाशिक

मी तीन वेळा इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यनेला बसलेय, म्हणून दोन ओळी लिहिते. मी काही फार पोचलेली नाही. पहिल्या वेळी परत आले त्याच संध्याकाळी मिक्सरचं झाकण उडालं आणि मी घर डोक्यावर घेतलं होतं.

तिथे चौथ्या दिवसानंतर तासभर न हलता बसायचं असतं. गुडघा असा काही पेटतो की वाटतं, आता हा कायमचा गेला. आणि सांगतात फक्त बघा, अनित्य आहे, अनिच्च, अनिच्च. पंचविसाव्या मिनिटाला मला त्या शब्दाचाच राग यायचा. पण बघत राहिलं की ठणक्याचे तुकडे पडतात. इथे गरम, तिथे मुंग्या, मध्येच काही नाही, परत सुरू. माझं मत असं झालंय की तिथे 'स्वीकारा' असं कोणी सांगतच नाही. सांगतात, ते आधी नीट बघा. आपण बाहेर येऊन त्याचा अर्थ 'चालू द्या' असा लावतो.

तास संपला की उठून गुडघा चोळायला कोणी मनाई करत नाही, काकू. आणि सगळं अनित्य आहे म्हणून स्विमिंग पूल बांधा असंही बुद्धानं सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

'लागलंय' असं तुम्ही लिहिलंत, तिथे मी थांबले. नेमकं काय लागलंय? पट्टा जाणार ते? की अण्णा तुमच्या बाजूनं बोलले नाहीत ते?

---

आगरातली

सई, तुझं शेवटचं वाक्य वाचून फोन पालथा ठेवला आणि जाऊन भांडी घासली.

---

कृष्णाकाठ (शिरोळ)

ताई, तुमची वाडी वेगळी, आमची वाडी वेगळी. आमच्याकडं वाडी म्हटलं की नरसोबाची वाडी. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचं देऊळ आहे, घाटाला लागूनच. मनोहर पादुका. आम्ही तिथून जवळच राहतो, आणि पुराचं आम्हाला नवल नाही. २००५, २०१९, २०२१. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आमची जनावरं त्या वेळी दहा दिवस दुसऱ्या गावच्या शाळेच्या आवारात होती. घर निम्मं पाण्यात.

तर वाडीला काय होतं ते सांगतो. पावसाळ्यात नदी चढली की पाणी पायऱ्या घेत घेत देवळात शिरतं. उत्तरेच्या दारानं येतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार म्हणतात. तो सोहळा असतो! लोक रात्री-अपरात्री गाड्या करून येतात त्या पाण्यात आंघोळ करायला. माझी आई फोन करून विचारायची, दक्षिणद्वार झालं का? जसं काही पाहुणा आला का म्हणून विचारतोय.

देवळात पाणी आलं म्हणून कोणी रडत नाही की भिंत घालत नाही. तुमच्या बुवांना हे सांगितलं तर खूश होतील. पण पुढचं ऐका. पाणी चढायला लागलं की पुजारी मंडळी उत्सवमूर्ती उचलून वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. पूजाअर्चा तिथं चालू. पादुका खाली पाण्यात राहतात, उत्सवमूर्ती वर जाते. पाणी उतरलं की सगळे मिळून गाळ काढतात, दगड धुऊन घेतात, आणि मूर्ती परत खाली.

लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, देव पाण्यात राहतो तर मूर्ती वर का नेतात? ते म्हणाले, जे उचलता येतं ते उचलायचं रे. मला तेव्हा ते उत्तर वाटलंच नव्हतं.

तुमच्या पट्ट्यात काय उचलता येण्यासारखं आहे ते तुम्हालाच ठाऊक.

---

निवृत्त मास्तर

वरच्या प्रतिसादावरून एक व्यवहाराची गोष्ट. ताड-माडाच्या जातीतल्या झाडांना सोटमूळ नसतं, खोडाच्या बुंध्यातून तंतुमुळांचा झुबका असतो. त्यामुळे मातीचा गोळा धरून हलवलं तर आंबा-फणसापेक्षा ती बरीच जगतात. पाच वर्षांची पोफळ भर पावसात हलवून बघायला हरकत नाही. सगळी जगतील असं नाही. हलवताना शेंड्याचा कोंब दुखावू देऊ नका, खालची दोन-तीन पानं काढा, आणि उन्हाची बाजू लक्षात ठेवून ती तशीच लावा.

---

आगरातली (१७ दिवसांनी)

बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं, म्हणून लिहिते.

सईचा प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी परवा सकाळी अण्णा ओटीवर सुपारी कातरत बसले होते (स्वतः खात नाहीत आता, दात नाहीत, पण कातरून डबी भरून ठेवतात), तेव्हा शेजारी बसले आणि विचारलं, "अण्णा, वाडी पडली तेव्हा तुम्हाला काहीच वाटलं नाही का हो?"

अडकित्ता थांबला. मला वाटलं, काहीतरी शहाणपणाचं बोलतील, मी इथे लिहीन. तर चिडले! "सहा वर्षांत विचारलं नाहीस, आज विचारतेस?"

खरंच नव्हतं विचारलं. मी त्यांना बघत होते, त्यांच्यावर मनातल्या मनात रागवत होते, त्यांना कधी संत ठरवत होते तर कधी दगड, पण विचारलं नव्हतं.

मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मी उठणार तेवढ्यात म्हणाले, "त्या कागदावर माड अठ्ठावीस लिहिलेत मी. एकोणतीस पडले होते. पाणंदीच्या कोपऱ्यावरचा हिनं लावलेला. तो मी मोजला नाही."

हिनं म्हणजे माझ्या सासूबाईंनी. त्यांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

पुन्हा अडकित्ता सुरू. मीही पुढे काही विचारलं नाही, तिथेच बसून राहिले. भाताचा कुकर किती शिट्ट्या झाला कोण जाणे, खिमट झाला होता, तोच जेवलो.

'करू दे त्याला' का म्हणालात, तेही दुपारी विचारलं. म्हणाले, "मी नको म्हटलं तर तो थांबेल. मग मी मेल्यावर बांधील, आणि मी असताना बांधतो तसं जपून बांधणार नाही." यात अध्यात्म किती आणि हिशेब किती ते मला सांगता येणार नाही. परतलेला म्हणतो तसं मुलालाही विचारलं. तीन दिवस भांडलो. घरातली भांडणं काय लिहायची, असो. निष्पन्न एवढं: खोल्या चारऐवजी तीन, आणि विहिरीच्या बाजूला सरकवून, म्हणजे साठातल्या साधारण पंचवीस पोफळी जागेवर राहतात. उरलेल्यांतल्या ज्या जोमदार आहेत अशा १८ अण्णांनी निवडल्या, काठीनं एकेकीच्या बुंध्याला टकटक करत. त्या जेसीबीनंच गोळ्यासकट उचलायच्या आणि दक्षिणेकडच्या मोकळ्या जागेत लावायच्या, पाऊस आहे तोवर, म्हणजे खोल्यांच्या कामाच्या आधी. मुलानं मास्तरांचा प्रतिसाद दोनदा वाचून घेतला. प्रत्येक खोडाच्या मावळतीकडच्या अंगाला चुन्याचा पट्टा ओढलाय, लावताना तीच बाजू तिकडे यावी म्हणून. पोय आलेली त्या १८ त नाही, ती जागेवरच राहते. खोलीच्या खिडकीसमोर येईल.

स्विमिंग पूल मला अजून मान्य नाही. समुद्र चालत सात मिनिटांवर असताना माणसं टाकीत का पोहतात, हे मला कोणीतरी समजावून सांगा. तो विषय दिवाळीपर्यंत पुढे ढकललाय.

कृष्णाकाठ, तुमच्या आजोबांचं वाक्य अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "उत्सवमूर्ती जड असते का?" मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असेल तर सांगा, ते वाट बघतायत.

जेसीबी उद्या येणार होता, पण आत्ता जो पाऊस लागलाय त्यात पाखाडीवरून चढेल असं वाटत नाही.